आगोटीबरोबर वादळाची तयारी : वाडीतल्या तीन घरांच्या नोंदी

दापोली तालुक्यातली किनाऱ्यालगतची वाडी. तीन घरं, तिन्हीकडे वयस्कर माणसं. नावांऐवजी घरांना आकडे दिले आहेत.

घर १, कौलारू. नाना (८४), पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेले, लघवीची नळी, हवेची गादी. काकू (७७), दोन वेळा इन्सुलिन. एक मावशी सकाळ-संध्याकाळ येऊन नानांचं सगळं करतात.
घर २, कौलारू, पुढच्या पडवीवर पत्रे. आक्का (८१), एकट्या. वॉकर, कानाचं यंत्र, अलीकडे विसरतात.
घर ३, स्लॅबचं. अण्णा (७३), फुफ्फुसाचा जुना आजार, दिवसाचे बरेच तास ऑक्सिजन, घरी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं विजेवरचं यंत्र). सूनबाई बघतात.

काम करणारे : वाडीतले चार-पाच जण, एक सुतार, एक पाडेली (माडावर चढून नारळ उतरवणारा) आणि सल्ल्याला आशाताई.

८ एप्रिल

एप्रिलमध्येच सुरुवात करण्याचं कारण निसर्ग वादळाच्या तारखांत आहे. १ जून २०२० ला अरबी समुद्रात डिप्रेशन (कमी दाबाचं क्षेत्र) तयार झालं, २ तारखेला त्याचं चक्रीवादळ झालं आणि ३ तारखेच्या दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. म्हणजे हाताशी जेमतेम अडीच दिवस. बंगालच्या उपसागरातली वादळं पुष्कळदा लांबून येतात, आपल्याकडे ती उंबऱ्याशीच तयार होतात. अडीच दिवसांत धडधाकट माणूस कौलांवर दोर टाकून मोकळा होतो. अंथरुणावरच्या माणसाची गादी, औषध, पाणी, न्यायची जागा आणि न्यायला माणसं यांतलं काहीच तेवढ्यात जमत नाही.

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची, बेगमी घरोघरी होतेच : लाकडं भरायची, कौलं चाळायची, डाळ-तांदूळ-मीठ-मिरची साठवायची. तिच्यातच हे काम घुसवायचं ठरलं. वेगळी मोहीम काढली असती तर आंब्याच्या दिवसांत माणूस मिळाला नसता.

सगळा हिशेब दहा दिवसांचा धरला. वाऱ्याचा जोर काही तासांचा असतो, खरा त्रास नंतरचा. निसर्गनंतर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे गेले, रस्ते झाडांनी बंद, मोबाइल टॉवर मुके. घरात पडून असलेल्या माणसाचे हाल त्या दिवसांत होतात.

११ एप्रिल

प्रत्येक घरात बसून तीनच प्रश्न विचारले. वीज गेली तर काय बंद पडतं? पाणी गेलं तर काय अडतं? रोज येणारं माणूस आलं नाही तर काय होतं?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पटापट आली. तिसऱ्यावर घर १ मध्ये सगळे गप्प. मावशी वाडीच्या खालच्या अंगाला राहतात, घरावर जुने पत्रे, मध्ये वहाळ (ओढा). वहाळाला पाणी आलं की त्या येऊ शकत नाहीत. स्वतःचे पत्रे उडत असताना त्यांनी यावं अशी अपेक्षाही बरोबर नाही. म्हणून मावशींचं छप्पर याच कामाच्या यादीत घेतलं, घर ४ म्हणून. खर्च नानांच्या मुलांनी उचलला. सेवा करणाऱ्याचं घर सुरक्षित नसेल तर रुग्णाची तयारी अर्धीच राहते, आणि हे बहुतेक याद्यांत नसतं.

शिवाय नानांची कूस बदलणं, पिशवी रिकामी करणं आणि पुसून घेणं या तीन गोष्टी आणखी दोघांना शिकवायचं ठरलं. शेजारचा मुलगा तयार झाला. काकू एकट्या नानांना वळवू शकत नाहीत. प्रयत्न केला तर त्यांचीच कंबर जायची.

१६ ते १९ एप्रिल : छप्पर

मंगलोरी कौलाला खालच्या बाजूच्या नाकात तार ओवायला भोक असतं. कौलं बसवताना ते बहुधा कुणी वापरत नाही. पागोळीकडच्या दोन ओळी, दोन्ही टोकांच्या ओळी आणि आढ्याखालची ओळ, एवढी कौलं तारेने रिपांना बांधली. वारा सुरुवात कडेपासून करतो. कडेचं एक कौल निघालं की आत हवा शिरते आणि मग मधली कौलं खालून उचलली जातात. कडा पक्क्या असल्या की मधली बांधली नाहीत तरी बरंच धकतं.

तार जस्त चढवलेली घ्यायची. शेजारच्या एका घरात दोन पावसाळ्यांपूर्वी सळ्या बांधायची काळी तार वापरली होती, ती आता बोटांनी ओढली तरी तुटते. खारी हवा तिला टिकू देत नाही. पिळा देताना किंचित सैल ठेवायची. पक्कडीने करकचून पिळलं की कौलाचं नाक फुटतं, आणि असं फुटलेलं कौल खालून दिसत नाही. घर १ मध्ये अशी पाच-सहा बदलावी लागली. जुनी नळीची कौलं असतील त्यांना हा उपाय नाही, त्यांना भोकच नसतं.

एक फायदा आगाऊचा : बांधलेली कौलं माकडांना सरकवता येत नाहीत. तोटाही आहे. पावसात एखादं फुटलं तर बदलायला आतून तार कापावी लागते. म्हणून पक्कड, तारेची गुंडाळी आणि दहा सुटी कौलं माळ्यावरच ठेवली.

कोने (आढ्यावरची कौलं) चुन्या-सिमेंटातून सुटलेले होते, ते परत बसवले. वासे भिंतीवरच्या तुळईला नुसते खिळ्यांवर होते, तिथे लोखंडी पट्ट्या स्क्रूने मारल्या. सुताराची मजुरी इथेच जास्त गेली.

घर २ ची पडवी हा वेगळा विषय. तिन्ही बाजूंनी उघडी, वर पत्रे, आणि पत्र्याखालचे वासे थेट मुख्य छपराच्या वाशांना जोडलेले. पडवीत वारा कोंडला की ती उचलली जाणार आणि जाताना घराचं छप्पर उसवणार. सुताराने जोड तोडून पडवीला स्वतंत्र खांब-तुळई दिली. पडवी गेली तरी चालेल, माजघर राहिलं पाहिजे. पत्र्यांचे जे-हूक पन्हाळीत बसवलेले होते, ते उंचवट्यावर घेतले, गंजलेले वायसर बदलले. पुढे दीड फूट बाहेर आलेला पत्रा कापून वीतभर ठेवला. आक्कांना हे पटलं नाही, ओट्यावर झड येते म्हणाल्या. झडीसाठी नेहमीसारखी झापं लावायची आणि वादळाचा इशारा आला की काढायची, यावर तोड झाली.

मावशींकडे पत्रे बदलले नाहीत, हूक वाढवले आणि टोकाच्या ओळींवरून लाकडी पट्टी बोल्टने आवळली. पत्र्यावर दगड ठेवायची पद्धत बंद केली. पत्रा उचलला गेला की दगड खाली माणसावर येतो.

पाडेली बोलावून घरांलगतच्या माडांचे नारळ, सुकलेल्या झावळ्या आणि पेंडीची देठं उतरवली. घर १ च्या मागे आंब्याची मोठी फांदी न्हाणीघरावर होती, तीही उतरवली.

२१ एप्रिल : नानांची खोली

नाना ओटीलगतच्या खोलीत, दोन बाजूंना खिडक्या. वादळात ही सगळ्यांत वाईट जागा. माजघर चारी बाजूंनी आत आहे, तिथे हलवायचं ठरलं आणि खाट दारातच अडकली. रुग्णालयातल्यासारखी लोखंडी खाट तीन फूट रुंद, जुनं दार अडीच फुटांचं, वर सहा इंचांचा उंबरठा. खाटेचे भाग सुटे केले तर जाते, पण चाव्यांसह तासभर लागतो आणि तेवढा वेळ नाना कुठे?

उपाय साधा निघाला. माजघरात साधी लाकडी खाट कायमची लावून ठेवली, वर कापसाची जाड गादी आणि फोम. नानांना फक्त चादरीवरून उचलून न्यायचं. चौघं लागतात, तिघांत उंबरठ्यावर तोल जातो. खाट भिंतीपासून हातभर सोडली, दोन्ही बाजूंनी वळवता यावं म्हणून.

२४ एप्रिल : वीज

मेन स्विच बंद करून प्रत्येक यंत्र पाहिलं. कागदावरच्या हिशेबापेक्षा हे बरं.

हवेची गादी : पंप थांबल्यावर गादी हळूहळू बसत गेली आणि काही तासांत नाना खालच्या फळीला टेकले. कंपनीच्या पुस्तकात नळ्या पंपापासून काढून टोपणं लावायला सांगितलंय, तसं केल्यावर हवा बरीच टिकली. पण मग ती आळीपाळीने फुगत नाही, नुसती गादी होते. म्हणून वीज गेली की दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. त्यासाठी भिंतीवर वहीचा कागद : वेळ, डावी-उजवी-उताणी, कुणी केलं. टाचांखाली उशी नको, पोटरीखाली, म्हणजे टाच अधांतरी राहते.

कॉन्सन्ट्रेटर (घर ३) : यंत्रामागच्या पाटीवर ३५० वॅट. घरातला इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा. त्यावर यंत्र घरघरलं, तापलं आणि अलार्म देऊन थांबलं. साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखाच प्रवाह देणारा, घ्यावा लागला. खर्चातली सगळ्यांत मोठी रक्कम ही. बॅटरी १५० अँपिअर-अवर, १२ व्होल्ट, म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर. बॅटरी पूर्ण संपवता येत नाही आणि इन्व्हर्टरही थोडं खातो. पंखा-दिवे बंद ठेवून यंत्र तीन तासांच्या थोडं पुढे चाललं. दुकानात सहा-सात तास सांगितले होते.

तीन तासांवर दहा दिवस निघत नाहीत, तेव्हा सिलिंडर. बी टाइपमध्ये सुमारे १५०० लिटर. मिनिटाला २ लिटरने साडेबारा तास. डी टाइपमध्ये सुमारे ७००० लिटर, त्याच वेगाने ५८ तास. एक डी आणि दोन बी भाड्याने घेतले तर साडेतीन दिवसांच्या आसपास होतात. दहा दिवस घरी काढता येणार नाहीत, हे अण्णांना आणि सूनबाईंना स्पष्ट सांगितलं. ऑक्सिजनवरच्या माणसासाठी खरी तयारी म्हणजे वादळाआधीच तालुक्याच्या ठिकाणी, जिथे रुग्णालय आणि जनरेटर आहे तिथे जाणं. सिलिंडर फक्त रस्ता बंद झाला तर.

सिलिंडरबाबत चार गोष्टी. व्हॉल्व्हची चावी दोरीने सिलिंडरलाच बांधा, नाहीतर अंधारात सापडत नाही. रेग्युलेटर आणताच बसवून बघा. आमच्याकडे आलेल्याचा वायसर गेलेला होता, नुसती फुसफुस, आणि बदलून आणण्यात अख्खा दिवस मोडला. आणि त्या खोलीत समई, उदबत्ती, कंदील, काहीही पेटवायचं नाही. देवघर त्याच खोलीत असल्याने हे सोपं गेलं नाही. शेवटी देव चार दिवस स्वयंपाकघरात न्यायचे ठरले. रेग्युलेटरला तेलाचा हात लावायचा नाही, खोबरेल लावलेला तर नाहीच.

दम लागला म्हणून ऑक्सिजन वाढवायचा नाही. डॉक्टरांनी अण्णांना रक्तातल्या ऑक्सिजनची ८८ ते ९२ टक्क्यांची पातळी ठरवून दिली आहे, ती भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिली. या आजारात जास्त ऑक्सिजनही घातक ठरतो, आणि घाबरलेला माणूस पहिली गोष्ट करतो ती बटण फिरवणं.

जनरेटरचा विचार सोडला. पेट्रोल पंपही विजेवरच चालतो. कुणाकडे असेल तर तो पडवीत चालवू नका, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो बंद घरात माणूस मारतो. घराच्या सॉकेटमध्ये जोडू नका, तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसतो.

२८ एप्रिल : इन्सुलिन आणि माठ

वापरात असलेली इन्सुलिनची बाटली बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालते, पण २५ ते ३० अंशांच्या आत (प्रकारानुसार फरक असतो, पाकिटावर बघा). न फोडलेल्या बाटल्या फ्रिजमध्येच, २ ते ८ अंशांवर. फ्रिज बंद पडला की प्रश्न या दुसऱ्यांचा.

माठात ओली वाळू, त्यात झाकणाचा डबा, डब्यात थर्मामीटर. ऊन असलेल्या दुपारी बाहेर ३३, डब्यात २८. ढगाळ, दमट दिवशी फरक एक-दीड अंशाचाच. कोकणात हवेलाच पाणी सुटलेलं असतं, माठ पाझरून करणार काय? पण पाऊस लागला की हवाच २७ च्या आसपास येते, त्यामुळे वादळाच्या दिवसांत निभतं. अवघड वेळ म्हणजे वादळ गेल्यावरची कडक उन्हं आणि वीज नाही, तेव्हा माठ उपयोगी पडतो. वाळू दिवसातून दोनदा भिजवायची, माठ चुलीपासून लांब, वारा लागेल तिथे.

बर्फात थेट ठेवू नये. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं नाही, आणि ते दिसण्यावरून नेहमी कळत नाही. काकूंकडे एका वेळी दोनच जास्तीच्या बाटल्या ठेवायच्या ठरलं, खराब झाल्या तर नुकसान तेवढंच. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या मात्र ५० चा पूर्ण डबा, झाकण घट्ट.

२ मे : पाणी

माणशी रोज २० लिटर धरले, नानांचं पुसणं-धुणं त्यात आलं. नाना-काकू दोघांचे दहा दिवसांचे ४००. ५०० लिटरची टाकी भरलेली असली तर पुरते आणि वाऱ्याने हलत नाही. रिकामी टाकी उडते. झाकण दोरीने बांधलं. टाकीखाली व्हॉल्व्ह नव्हता. खालचा पाइप झाडाने तुटला तर सगळं पाणी एका तासात जाईल, म्हणून व्हॉल्व्ह बसवला. वादळात तो बंद, लागेल तसं पिंपातून घ्यायचं.

विहिरीवर मोटर आली तेव्हा रहाट काढून परसात टाकलेला. तो साफ करून परत चढवला, नवा नायलॉनचा दोर. वादळानंतर विहिरीत पालापाचोळा, कधी खारं किंवा मातकट पाणी येतं. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ग्रामपंचायतीकडून टाकून घ्यायची, तोवर पिणं साठवलेल्यातून. पिण्याचे ६० लिटर वेगळे ठेवले.

आक्कांना २० लिटरचा कॅन देऊन उपयोग नाही, त्यांना तो उचलत नाही आणि वाकवताना त्या पडतील. पाच लिटरचे नळाचे कॅन कमरेइतक्या उंचीच्या फळीवर, रांगेत.

५ मे : औषधं आणि खाणं

महिनाभराची औषधं घेतली. दुकानदाराने जुन्या चिठ्ठीवर द्यायला नकार दिला, आणि ते बरोबरच आहे. ताजी चिठ्ठी आणण्यात आठवडा गेला. म्हणून चिठ्ठी एप्रिलमध्येच करून घ्या.

आठवड्याच्या खणांचा प्लास्टिक डबा इथे बाद ठरला. दमट हवेत गोळ्या मऊ पडल्या, एक विरघळून खणाला चिकटली. गोळ्या पाकिटातच ठेवल्या, पाकिटं काचेच्या बरणीत, एका बरणीवर सकाळ, दुसरीवर रात्र. आक्कांच्या बरण्यांची झाकणं वेगळ्या रंगांची. पाकीट कापताना तारखेचा भाग जपायचा.

सुक्या खाण्यात सगळ्यांनी आधी बिस्किटं आणि फरसाण भरलं. काकूंना दोन्ही नकोत, नानांना चावत नाही. त्याऐवजी पेजेचे तांदूळ, नाचणीचं पीठ, मेतकूट, मुगाची डाळ. नानांना पातळ पेज घशात अडकते, दाट केली की जाते, आणि पाठ उंच करूनच भरवायची. काकूंची साखर एकदम उतरली तर म्हणून साखर मात्र उशाशी, वेगळ्या डबीत. ओआरएसची पाकिटं. गॅस असला तरी सुक्या लाकडांचा एक भारा आतल्या बाजूला.

मोठ्या माणसांचे डायपर रोज चार धरून ४०. ते टाकायचे कुठे, हे नंतर सुचलं. परसात खड्डा खणून ठेवला, वर फळी.

१० मे : उचलून न्यायची तालीम

घर १ पासून गाडीरस्त्यापर्यंत पाखाडी, जांभ्या दगडाच्या पायऱ्या. व्हीलचेअर दुसऱ्याच पायरीवर थांबली. मग प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधून त्यात ६० किलो तांदूळ ठेवले. निम्म्या वाटेत खुर्चीचा हात तुटला, पोती पाखाडीवर. माणूस बसवण्याआधी वजन ठेवून बघितलं हे बरं झालं.

शेवटी जुनी पद्धतच उपयोगी पडली : जाड सोलापुरी चादर, दोन बांबूंना दुहेरी शिवून, डोलीसारखी. नाना आडवे राहतात. सहा माणसं, चार खांद्याला, दोन बदली. खाटेपासून गाडीपर्यंत २५ मिनिटं लागली, कोरड्या वाटेवर, उजेडात. ओल्या पाखाडीवर शेवाळ असतं, तेव्हा दुप्पट धरा. पायऱ्या खरवडून चुना टाकला.

निघण्यापूर्वी लघवीची पिशवी रिकामी करायची आणि ती कायम कमरेच्या खाली लोंबती ठेवायची. पहिल्या वेळी कुणीतरी ती नानांच्या पोटावर ठेवली होती. तसं केलं की लघवी उलट आत जाते आणि संसर्ग होतो. नळी बदलायची तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यात येत होती, ती मेच्या शेवटी घेतली.

१३ मे : जायचं कुठे

शाळेची इमारत स्लॅबची, निवाऱ्यासाठी तीच सांगितली जाते. जाऊन पाहिलं. संडास मैदानापलीकडे, तीन पायऱ्या, उकिडवं बसायचं. खोल्यांत बाकं, झोपायला फरशी. एकदा फरशीवर बसलेल्या आक्कांना उठवायला दोघं लागतात. धडधाकट कुटुंबांना शाळा ठीक आहे, या तिन्ही घरांना नाही.

नाना-काकू आणि आक्कांसाठी वरच्या वाडीतलं शेजाऱ्यांचं स्लॅबचं घर ठरलं, तळमजला, न्हाणीघर आतच. दोन कमोड खुर्च्या आणि फोमच्या गाद्या मेमध्येच तिथे नेऊन ठेवल्या. अण्णा तालुक्याला नातेवाइकांकडे.

१६ मे : कधी निघायचं

हवामान खात्याचा पहिला टप्पा म्हणजे पूर्वसूचना. मग खराब हवा सुरू होण्याच्या किमान ४८ तास आधी अलर्ट, २४ तास आधी इशारा. आमच्याकडे बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की तयारीला लागायची सवय आहे, पण तो बावटा पावसाळ्यात कितीदा लागतो आणि उतरतो. त्यावर माणसं हलवली तर तिसऱ्या वेळी कुणी हलणार नाही.

ठरलं ते असं. पूर्वसूचनेला टाक्या भरा, फोन चार्ज करा, मुलांना कळवा. ४८ तासांच्या अलर्टला अण्णा निघतात, नाना-काकू-आक्का वर जातात, दिवसाउजेडी. २४ तासांच्या इशाऱ्याची वाट बघायची नाही. तोवर पाऊस लागतो आणि पाखाडी निसरडी होते. वादळ दुसरीकडे वळलं तर दोन दिवस पाहुणचार झाला, इतकंच. तौक्ते मे २०२१ मध्ये इथे किनाऱ्याला न लागता वर गुजरातकडे गेलं, तरी जाता जाता इथे नुकसान करूनच गेलं.

नाना म्हणाले, मी घर सोडणार नाही. समजावण्यात अख्खी संध्याकाळ गेली. "माझ्यासाठी सहा जणांना रात्री पावसात उचलावं लागेल" हा मुद्दा त्यांना पटला, जिवाची भीती घालून काही उपयोग झाला नव्हता.

मुंबईच्या मुलांना आधीच सांगून ठेवलं : फोन लागला नाही म्हणजे काही झालं असं नाही. गाडी काढून येऊ नका, रस्त्यावर झाडं असतात. निरोप चिपळूणच्या नातेवाइकांकडे जाईल, तिथून घ्या. कॉल लागत नाही तेव्हा एसएमएस पुष्कळदा जातो. ११२, १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे आकडे कागदावर, फोनमध्ये नुसते ठेवून फोन संपला की काय?

२१ मे : आक्का

रात्री यंत्र कानातून काढलं की आक्कांना दारावरची थाप ऐकू येत नाही. एक किल्ली शेजारी दिली. यंत्राच्या बॅटऱ्या वरची चिकटपट्टी काढल्यापासून उतरायला लागतात, म्हणून पट्टी न काढलेल्या बॅटऱ्यांची दोन पाकिटं.

परक्या घरात रात्री उठून त्या "घरी" निघण्याची शक्यता खरी आहे. त्यांची नेहमीची उशी, गोधडी आणि देवाची तसबीर आधी नेऊन लावायची. बॅटरीचा छोटा दिवा न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर. बाहेरच्या दाराला वर कडी. पोलक्याच्या आत शिवलेल्या कापडी पिशवीत नाव, वाडी, आजार, फोन. गळ्यातलं कार्ड त्या काढून टाकतात, दोनदा पाहिलं. वारा मध्येच एकदम थांबला तर तो डोळा असू शकतो आणि थोड्या वेळाने उलट्या दिशेने परत येतो. तेवढ्यात अंगणात जाऊन बघायचा मोह आक्कांना होईलच, त्यामुळे त्या वेळी कुणीतरी शेजारी बसायचं.

पायात रबरी तळव्याच्या चपला, अंथरुणाशीच. वादळानंतर घरभर कौलांच्या कपच्या असतात.

२६ मे : एक दिवस मेन बंद

तिन्ही घरांत सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत (कॉन्सन्ट्रेटर सोडून). नानांची रात्री दोनची पाळी चुकली, शेजारचा मुलगा झोपला. चावीच्या घड्याळाचा गजर लावला, मोबाइलचा नको, तो चार्जिंगला दुसऱ्या घरी असतो. चार्जिंगचे दिवे चार तासांतच मंद झाले, पाकिटावर आठ लिहिलेले. प्रत्येक घरात टॉर्च आणि सुटे सेल वाढवले. काकू अंधारात इन्सुलिन भरताना आकडे दिसत नाहीत म्हणाल्या, कपाळाला लावायचा दिवा आणला. या सगळ्या सरावात सगळ्यांत स्वस्त आणि उपयोगी वस्तू तीच ठरली.

१ जून : कागद आणि पैसे

प्लास्टिकच्या झिप पिशवीत : आधार, रेशनकार्ड, पासबुक, डॉक्टरांचे कागद, औषधांची यादी, घरपट्टीची पावती, नमुना ८ चा उतारा. घराचे आतून-बाहेरून फोटो, तारखेसह. नुकसानीचा पंचनामा होताना आधी छप्पर कसं होतं ते दाखवता आलं तर वाद कमी होतो. घर मुलाच्या नावावर आणि राहतात आई-वडील, असं असेल तर खातं कुणाचं द्यायचं हे आत्ताच ठरवा. एटीएम बंद असतं, म्हणून दहा दिवसांचे पैसे सुट्या नोटांत.

खर्च ढोबळ : तार, पट्ट्या, हूक, कौलं आणि मजुरी मिळून चार घरांचे साधारण ३८ हजार. इन्व्हर्टर-बॅटरी २४ हजार. कमोड खुर्च्या, गाद्या, दिवे, कॅन १५ हजार. सिलिंडरचं डिपॉझिट वेगळं, परत मिळणारं. पैसे कमी असतील तर आधी डोलीची चादर, गाद्या, औषधं आणि मावशींचे हूक करा, हे सगळं मिळून इन्व्हर्टरच्या निम्म्यातही बसतं.

३ ऑक्टोबर

पावसाळा संपला की बेगमी संपते आणि लोक निर्धास्त होतात. फयान वादळ ११ नोव्हेंबर २००९ ला आलं होतं, क्यार ऑक्टोबर २०१९ मध्ये. दुसरी फेरी आत्ता.

सापडलेलं : घर २ च्या दोन पट्ट्यांचे स्क्रू गंजलेले, बदलले. मेडिक्लोरच्या (पाणी शुद्ध करायच्या थेंबांच्या) दोन बाटल्यांची तारीख गेलेली. पिण्याचे कॅन रिकामे, आक्कांनी त्यात चिंच भरलेली. बी सिलिंडर एक अर्धा, सूनबाईंनी पावसाळ्यातल्या वीज जाण्याच्या रात्री वापरला. तो भरून आणायला दिला. डोलीच्या चादरीला उंदराने कुरतडलं होतं, नवी शिवून माळ्याऐवजी पत्र्याच्या पेटीत ठेवली. शेजारचा मुलगा कामाला पुण्याला गेला, त्याच्या जागी कोण ते अजून ठरलेलं नाही. रविवारी वाडीची बैठक आहे, तिथे विचारायचं.